‘हे लिहून द्या’ म्हणायला शिकवणाऱ्या सुभेदार साहेबांना

आदरणीय सुभेदार साहेब,

जय हिंद.

पत्रात नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं सुभेदार साहेब. लॅम रोड, भगूर, विहितगाव, उपनगर, जेल रोड इथल्या फौजी घरांना तेवढी ओळख पुरते. मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते आणि पेन्शनीत दुसऱ्यांच्या फाइली लावत बसतात म्हटलं, की कुणाबद्दल बोलतोय ते इथे कळतं.

इमर्जन्सीत हॉस्पिटलात काय करायचं ते लिहून तुम्ही दिलेला तो एक पानी कागद बऱ्याच घरांत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. आभार त्या कागदाचे आहेतच, पण त्याहून जास्त त्यामागच्या सवयीचे. कॅज्युअल्टीच्या काउंटरवर आवाज चढवायचा नाही, लेखी मागायचं आणि वेळ टाकून घ्यायची, ही सवय तुम्ही लावलीत. ज्यांच्यापर्यंत कागद पोचला नाही त्यांच्यासाठी त्यातलं बरंचसं इथे उघड मांडतोय. परवानगी गृहीत धरली आहे.

कागदाची पहिली ओळ: इमर्जन्सीत रेफरल, म्हणजे हॉस्पिटलला पाठवल्याची चिठ्ठी, लागत नाही.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांची आरोग्य योजना, सुरू झाली १ एप्रिल २००३ ला. तरी आजही रात्री अकराला काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘पॉलिक्लिनिकची रेफरल कुठेय?’ पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना, त्या वेळी बंद असतं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. जिवाला किंवा अवयवाला धोका असेल तर पॅनेलवरच्या (योजनेशी करार केलेल्या) हॉस्पिटलने कार्ड बघून पेशंट घ्यायचा, उपचार सुरू करायचे आणि ऑनलाइन कळवायचं काम त्यांचं त्यांनी करायचं. अशा वेळी ॲडव्हान्स मागायचा नाही, हे हॉस्पिटलने सही केलेल्या करारातच असतं. इमर्जन्सी कशाला म्हणायचं याची यादीही त्यात आहे: हार्ट अटॅक, अर्धांगवायू, दम कोंडणं, पोटाची अचानक उठलेली तीव्र कळ, मोठी दुखापत, विषबाधा, सर्पदंश, मधुमेहातली केटोॲसिडोसिस, उष्माघात, किडनी अचानक बंद पडणं, अंगात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग. यादी नमुन्यादाखल आहे. उशिराने जीव किंवा हातपाय जाऊ शकेल अशी कुठलीही अवस्था त्यात बसते, हे वाक्य तुम्ही लाल पेनाने अधोरेखित केलं होतं.

‘आधी पन्नास हजार भरा’ असं कुणी म्हणालं तर तुमचा उपाय एका वाक्याचा. “ईसीएचएस कार्ड दाखवूनही इमर्जन्सीत ॲडव्हान्स मागितला, असं लेटरहेडवर वेळ टाकून लिहून द्या.” हे शांतपणे म्हटलं की बहुतेक वेळा आतून कुणीतरी मोठा माणूस येतो आणि बोलण्याचा सूर बदलतो. ‘बेड नाही’ला तेच उत्तर, पण तुम्ही घातलेल्या अटीसह: बेड खरंच नसेल तर वाद घालत बसायचं नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की जीव वाचवण्याचे उपचार आधी, कागदोपत्री आणि पोलिसी सोपस्कार नंतर. म्हणून तिथेच ऑक्सिजन, सलाइन, जे लागेल ते सुरू करून घ्यायचं, काय दिलं आणि किती वाजता दिलं त्याची ट्रान्सफर नोट घ्यायची आणि ॲम्ब्युलन्सनेच पुढे निघायचं. रिक्षाने पुढच्या हॉस्पिटलात गेलं की तिथे सगळी तपासणी पहिल्यापासून होते.

पॅनेलबद्दल तुम्ही सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की हॉस्पिटल पॅनेलवर असतं म्हणजे सगळ्या आजारांसाठी असतं असं नाही. मान्यता विभागवार मिळते. हाडांच्या विभागासाठी पॅनेलवर असलेल्या ठिकाणी छातीत दुखणारा पेशंट नेला तर त्यांचा नकार नियमाला धरून ठरतो आणि आपण मात्र पार्किंगमध्ये तावातावाने बोलत उभे. त्यात दारावरचा बोर्ड करार संपला तरी उतरत नाही. म्हणून तुमची पद्धत: दर तीन महिन्यांनी पॉलिक्लिनिकमध्ये विचारून हृदय, मेंदू, हाडं-अपघात आणि लहान मुलं या चारांसाठी प्रत्येकी दोन नावं कागदावर टाकायची, आणि त्यातलं एक नाशिकरोडच्या अलीकडचं असायला हवं. संध्याकाळी बिटको चौक आणि द्वारका ओलांडून शहरात शिरायला किती वेळ लागतो ते देवळालीकराला सांगायला नको. सिंहस्थाच्या वर्षी तर विचारूच नका.

१०८ बहुधा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते. त्यात कमीपणा मानू नका, हेही तुमचंच. साप चावला तर सरकारी रुग्णालय चांगलंच, कारण प्रतिविष तिथे मोफत मिळतं. भगूरकडच्या मळ्यांत पावसाळ्यात हा प्रसंग येतो, म्हणून हेही लिहितो: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही म्हणजे विष रक्तात पोचलं आहे. मग प्रतिविषाच्या साधारण १० वायल्सने (छोट्या बाटल्यांनी) सुरुवात होते. रक्ताची ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात, त्यात टाळाटाळ नसते. आणि दोरी करकचून बांधून आणू नये, त्याने पायच जायचा.

आता ताटकळण्याबद्दल. गंमत बघा, इंग्रजीत डोकं फिरलेल्याला जो ‘डुलॅली’ शब्द आहे तो आपल्या देवळालीवरून पडलेला. परतीच्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई इथल्या छावणीत महिनोन्महिने बसून राहायचे. कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर बसलं की त्यांच्याविषयी सहानुभूती वाटते. पण नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही, लाल, पिवळा, हिरवा अशा धोक्याच्या क्रमाने लागतो, हे तुम्ही समजावल्यावर निम्मी चिडचिड गेली. उरलेल्या निम्मीचं कारण आपल्याच तोंडात असतं. ‘गॅस झालाय बहुतेक’ असं घरचेच म्हणतात आणि पेशंट हिरव्यात बसतो. मधुमेही आणि म्हाताऱ्या माणसांच्या हार्ट अटॅकमध्ये छाती दुखेलच असं नाही. घाम, धाप, वरच्या पोटात जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एवढंच असू शकतं. म्हणून आजाराचं नाव आपण सांगायचं नाही, दिसतंय ते सांगायचं: “वय ६८, शुगर आहे, सव्वानऊपासून घाम आणि धाप.” मग ईसीजी मागायचा. तो पोचल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा.

‘ईसीजी नॉर्मल आहे, तरी सोडत नाहीत, पुन्हा रक्त काढतात, बिल वाढवतात’ ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर आलेख काढून दाखवलं होतं की हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढायला काही तास जातात. पहिला नमुना लवकर घेतला तर तो निर्दोष येऊ शकतो, म्हणून काही तासांनी दुसरा. पहिल्याच ईसीजीवर आपणहून घरी जाणं, आणि तेही ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणून सही करून, यात दोन तोटे. जिवाचा धोका तर आहेच, शिवाय पुढच्या बिलात ‘इमर्जन्सी नव्हती’ म्हणायला जागा मिळते.

अर्धांगवायूचं उलट आहे. तिथे थांबणंच चुकीचं. तोंड एका बाजूला गेलं, बोलणं जड झालं, हात उचलत नाही, की रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. घड्याळ कधीपासून धरायचं, इथे घरचे चुकतात. सकाळी सहाला लक्षात आलं म्हणून सहा सांगतात. डॉक्टरांना हवी असते माणूस शेवटचा धड दिसला ती वेळ. रात्री दोनला बाथरूमला स्वतः चालत गेले असतील तर दोन. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का आणि शेवटची कधी घेतली, हे न विचारताही सांगायचं. पाणी, चहा, गोळी काही पाजायचं नाही, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

साहेब, तुमच्या कागदातला खरा जीव मात्र इमर्जन्सी सर्टिफिकेटच्या चौकटीत आहे. बिलं तपासणारा पेशंटला बघत नाही, कागद बघतो. ‘छातीत दुखत असल्याने दाखल केले’ एवढंच लिहिलं असेल तर ते परत येतं. तुम्ही शिकवलेला मजकूर असा: लक्षण काय, किती वेळापासून, आल्यावर बीपी किती, नाडी किती, ऑक्सिजन किती टक्के, ईसीजी किंवा स्कॅनमध्ये काय दिसलं, आणि शेवटी ‘उपचारास विलंब झाल्यास जिवास धोका होता’. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ. हे दाखल होतानाच घ्यायचं. डिस्चार्जच्या दिवशी तो ड्यूटी डॉक्टर कुठल्या कुठे गेलेला असतो.

पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. फोन केला असला तरी लेखी द्यायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. बिल आधी आपण भरतो, परतावा सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने येतो. म्हणजे भरले तेवढे परत मिळत नाहीत, ही मनाची तयारी तुम्ही आधीच करून देता ते बरं. फाइलला लागतं ते: मूळ बिलं आणि पावत्या, बाबवार तपशिलाचं बिल, डिस्चार्ज समरी, इमर्जन्सी सर्टिफिकेट, कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक. स्टेंट किंवा हाडातली प्लेट बसवली असेल तर तिच्या पाकिटावरचं स्टिकर. हे स्टिकर ऑपरेशन थिएटरच्या कचऱ्यात जातं आणि मग त्या एका चिकटपट्टीपायी सगळ्यात मोठी रक्कम अडते. ऑपरेशनला आत नेतानाच सिस्टरना सांगून ठेवायचं. पेशंट दगावला असेल तर क्लेम करणाऱ्या वारसाला बाकीच्या वारसांचं ना हरकत लागतं. ते तेराव्यानंतर मागायला कुणालाही जीव होत नाही, पण लागतं.

सेवेतल्या जवानांच्या घरांची गोष्ट निराळी, आणि गोंधळ इथेच जास्त. त्यांच्यासाठी ईसीएचएस नाही. नवरा फील्डला, बायको-मुलं नाशिकला, आणि सासऱ्यांचं ईसीएचएस कार्ड घरात आहे म्हणून तेच सुनेसाठी पुढे करतात. चालत नाही. त्यांनी देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल गाठायचं. तिथे नसलेली सोय लागली तर पुढे कुठे पाठवायचं ते तिथले डॉक्टर ठरवतात, पुण्याचं कमांड हॉस्पिटल २०० किलोमीटरच्या पुढे आहे हे धरूनच. जीव धोक्यात म्हणून थेट सिव्हिल हॉस्पिटलात गेलात तर मिलिटरी हॉस्पिटलला आणि नवऱ्याच्या युनिटला ताबडतोब कळवायचं, कुणाशी आणि किती वाजता बोललात ते लिहून ठेवायचं. डिपेंडंट कार्ड आईवडिलांसकट पूर्ण हवं. नवी सून आणि नवं बाळ यांची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सरकारी नोंदीत नाव चढवणारा आदेश) निघाली का, हे बारशाच्या गडबडीतच विचारून घ्यायचं. सुट्टीवर आलेल्या जवानांना तुम्ही चहाआधी हाच प्रश्न विचारता, हे आता प्रसिद्ध आहे.

एका बाबतीत आम्ही तुमच्यापेक्षा थोडे कडवट आहोत. तुम्ही काउंटरवरच्या मुलीची बाजू घेता. रात्रपाळीची आहे, तिला वरून सांगितलंय ते ती बोलते, म्हणता. खरं आहे. हॉस्पिटलांची बिलं अडकतात, कापून येतात, म्हणून ती फौजी कार्ड दिसलं की आखडतात, हेही खरं. पण तो हिशेब हॉस्पिटलने आणि सरकारने दिवसा, कचेरीत मिटवावा. रात्री स्ट्रेचरवरच्या माणसाच्या उशाशी नाही. तुम्ही हसाल आणि म्हणाल, मग हेही लिहून मागा.

कागदाच्या नव्या प्रतीसाठी तीन सूचना. अक्षर मोठं करा, चष्मा सापडेपर्यंत वेळ जातो. मुलगा पंचविशीला आला, नोकरीला लागला किंवा त्याचं लग्न झालं की ईसीएचएस कार्ड चालत नाही, ही ओळ मागच्या बाजूला गेली आहे, ती पुढे घ्या. आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा: चालू औषधं, ॲलर्जी, कार्ड नंबर, रक्तगट. लॅमिनेशनचा खर्च या वेळी आमच्याकडे. रविवारी सकाळी दोघं जण येऊन मूळ प्रत घेऊन जातील, चहा ठेवू नका, भगूरची भेळ आम्हीच आणतोय.

तुमचे ऋणी,
देवळाली, भगूर आणि नाशिकरोडची काही फौजी कुटुंबं