पगाराचा आकडा आधी तू लिहून ठेव

बाय,

काल फोनवर म्हणालीस ना, की पुण्याच्या इंटरव्ह्यूत आधी आत्ताचा पगार विचारतील आणि त्याच्यावर वीस-पंचवीस टक्के वाढवून देतील, असंच असतं आई. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. असंच असतं म्हणजे काय गं? आज तू टीम सांभाळतेस, आणि तुझं मोल ठरवायचं कॉलेज सुटल्यावर जो पहिला पगार हातात पडला, त्याच्यावरच टक्क्याटक्क्याने वाढत आलेल्या आकड्यावरून?

पहिला आकडा कानावर पडला की मन त्यालाच अडकून राहतं, याला अँकरिंग बायस म्हणतात. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 ला छापलेला एक प्रयोग आहे, लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम 10 नायतर 65 वरच थांबेल असं केलेलं, मग विचारलं की युनोत आफ्रिकेतले देश किती टक्के? 10 बघितलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास आणि 65 बघितलेल्यांचा 45. चक्राचा आणि आफ्रिकेचा काहीएक संबंध नाही, तरी मन कानावर पडलेल्या आकड्यापासूनच निघतं आणि थोडं पुढे-मागे सरकून थांबतं. जाणकारसुद्धा सुटत नाहीत. 1987 मध्ये अमेरिकेत टूसान शहरात इस्टेट एजंटांना एक खरं घर दाखवलं, कागदावर मालकाची किंमत मात्र प्रत्येक गटाला वेगळी, आणि ज्यांना जास्त दिसली त्यांनी घराची किंमत जास्तच सांगितली. विचारलं तर बहुतेक म्हणाले, त्या आकड्याचा आमच्यावर परिणाम नाही!

आपल्याकडे दापोलीत बघ ना. आंब्याला मोहोर दिसला की व्यापारी बागेत येतो, दोन कलमांकडे बघतो, यंदा थंडी कमी, तुडतुड्याची कीड आहे असं म्हणत सगळ्या पिकाची एक रक्कम बोलून मोकळा होतो. मग घरातली चर्चा त्याच रकमेभोवती, दहा हजार वर मागूया की वीस. फवारणी, खत, राखण, काढणी, पेट्यांचा खर्च यांचा हिशेब कोणी काढतच नाही. म्हणून तुझे बाबा तो हिशेब व्यापारी यायच्या आधीच वहीत मांडून ठेवतात, आणि मला हे फार पटतं.

तूही तेच कर. गॅलिन्स्की आणि मुसवायलर या संशोधकांचा 2001 चा अभ्यास आहे, पहिली ऑफर देणाऱ्याचं सहसा जास्त साधतं, पण समोरच्याने स्वतःच्या टार्गेटवर लक्ष ठेवलं तर तो फायदा पुसला जातो. तेव्हा या कामाला बाजारात काय देतात ते तीन-चार जणांना विचार, तुझा आकडा लिही, आणि ह्याच्याखाली जायचं नाही असा दुसराही. जमलं तर आधी तूच बोल. फार चढवून नको, जो नीट समजावून सांगता येईल असाच. आत्ताचा पगार विचारलाच तर खोटं बोलू नकोस, पण तिथेच थांबूही नकोस, लगेच सांग की या कामासाठी माझी अपेक्षा एवढी आहे आणि का आहे. त्यांनी फारच कमी सांगितलं तर त्यात हजार-दोन हजार वाढवून मागत बसू नकोस, सरळ म्हण की हा आकडा मला धरता येणार नाही, आणि तुझ्या आकड्यावरून बोलणं सुरू कर.

आज रात्री दोन्ही आकडे मला व्हॉट्सअ‍ॅप कर, बाबांनाही दाखवते.

तुझी आई