खारेपाटातला ‘पड’ शेरा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांत नवे नगर वसवण्याची अधिसूचना 2024 मध्ये निघाली. तेव्हापासून आमच्या अलिबागच्या खारेपाटातही, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातही, दलालांची ये-जा वाढली आहे. एसटी थांब्यावर चहा घेताना गुंठ्याचाच भाव कानावर येतो. मी तीस वर्षे तलाठी होतो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच), म्हणून सात-बाऱ्यावरच्या एका शब्दाबद्दल लिहितो. तो शब्द म्हणजे ‘पड’.

पीकपाहणीत ज्या क्षेत्रात पीक नाही त्यापुढे पड लिहायचे, हा रिवाज. मी तो शेकडो वेळा लिहिला. एकदा खाडीकाठच्या एका म्हाताऱ्याने मला बांधावर अडवले. ‘‘जमीन परली नाय भाऊसाहेब, पारलीय.’’ आमच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. मी हसलो आणि पुढच्या नंबराकडे गेलो. शेऱ्याचा रकाना मोकळा होता, पड का राहिली याचे कारण तिथे लिहिता आले असते. लिहिले नाही.

तो काय म्हणत होता हे निवृत्तीनंतर स्वतःच्या खाचरात उभा राहिल्यावर कळले.

खारेपाटाची शेती ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात उघाडी. भरतीला उघाडीची झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. पहिल्या पावसात जमिनीतला खार धुऊन बाहेर सोडायचा, मग मोड आणलेले भात फेकायचे, त्याला रहू म्हणतात. राता भात किंवा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या जाती इथे तग धरतात. सगळे त्या बांधावर अवलंबून. म्हणून पूर्वी जोळ असे. घरटी माणूस बांधावर यायचा, खांड गेली (बांध फुटला) तर रात्रीसुद्धा.

काही वर्षांपूर्वी आमच्या बंदिस्तीत (एका बांधाआडच्या सगळ्या शेतांत) रस्त्याच्या कडेचा एक तुकडा विकला गेला. घेणारे मुंबईचे. त्यांनी डंपरने मुरूम आणून पुरुषभर उंचीचा भराव केला, भोवती चिऱ्याची भिंत घातली. भिंत नेमकी पाणी उघाडीकडे नेणाऱ्या नाळेवर आली. मोरी ठेवली नाही. पाणी वरच्या खाचरांत तुंबले, उघाडीला पुरेसा लोट मिळेना, झडपेपुढे गाळ साचला आणि झडप नीट मिटेनाशी झाली. पुढच्या उधाणाला खारे पाणी आत आले, त्याच कमकुवत जागी खांड गेली. एकदा खारे पाणी शिरले की पुढची दोन-तीन वर्षे भाताचे नाव नको. तेवढ्यात कांदळ (खारफुटी) उगवते. ते तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे आणि मनाई योग्यच आहे. पण शेतकऱ्याच्या हातून जमीन गेली ती गेलीच.

विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज, प्रत्येकाचे कारण मला ठाऊक आहे. फेरफार मीच नोंदवत होतो. पण जमीन विकलेल्या घरातला माणूस मग बांधावर येत नाही आणि घेणारा तर शनिवार-रविवारचा. बांधाची लांबी तेवढीच राहते, माती वाहणारे खांदे कमी होतात. मागे राहिलेल्यांची शेते पड होतात, आणि तोच ‘पड’ शेरा दाखवून दलाल म्हणतो, ‘‘बघा, इथे काही पिकत नाही, देऊन टाका.’’

माझे आजोबा चरीच्या संपात होते. नारायण नागू पाटलांच्या शब्दावर 1933 ते 1939 अशी सहा वर्षे इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. पड तेव्हाही होती. ती त्यांनी ठरवून ठेवलेली होती, लाकडे तोडून, मोळ्या विकून पोट भरत. त्यातून कुळांना कायद्याचे संरक्षण मिळाले.

आता नियोजनाचे. बिनशेतीचा विचार गट नंबर धरून होतो. त्या गटाचे पाणी कोणत्या उघाडीने जाते, हे माझ्या तीस वर्षांत एकाही कागदाने मला विचारले नाही. गावठाणापासून 200 मीटरपर्यंत निवासी वापराची वाट सोपी करणारी जमीन महसूल संहितेतली 42-ड ची तरतूद देशावर ठीक असेल. आमचे गावठाण म्हणजे खाचरांच्या मधला उंचवटा, 200 मीटर मोजले की माणूस थेट भातात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात गटारे, पथदिवे, पेव्हर ब्लॉक सगळे आहे, पण बांधाचा साधा नकाशा नाही.

घरे नकोत असे मी म्हणत नाही. डोंगराकडेला वरकस (भात न होणारी) जमीन आहे, तिथे बांधा. खारेपाटात मात्र संपूर्ण बंदिस्ती हा एकच घटक धरावा. प्रत्येक सात-बाऱ्यावर इतर हक्कांत उघाडीची नोंद करावी. एका बांधाखालच्या सगळ्या गावांच्या ग्रामसभांना विचारल्याशिवाय आणि खारभूमी विभागाने नाळ पाहिल्याशिवाय मुरुमाची एक पाटीही पडू देऊ नये. आणि पड लिहिताना शेऱ्यात कारण सक्तीने लिहावे. हे शेवटचे काम तर फुकटात होणारे आहे.

2021 पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानेच मोबाईलवर नोंद करायची. यंदा माझ्या 22 गुंठ्यांपुढे मीच ‘पड’ नोंदवले. खाऱ्या चिखलाचा फोटो काढला. त्यात चिखलाच्या आधी ती चिऱ्याची भिंत दिसते.

आपला,
एक निवृत्त तलाठी
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड