ऐकणं

मडगाव,
4 डिसेंबर

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. तू विचारलेला प्रश्न तेव्हा माझ्याच घरात येऊन बसला होता.

देवाचं ऐका, आईबापांचं ऐका, असं आपल्याला लहानपणी जे शिकवलं त्यात प्रेम किती होतं आणि धाक किती, असं तू विचारलंस. तुझ्या बाबांची वेताची छडी मला आठवते. आधी नीतिसूत्रांच्या 13व्या अध्यायातलं ते छडीचं वचन म्हणायचे, मग मारायचे. तू चर्च सोडलंस त्यावर मी तुला कधी एका शब्दाने बोललो नाही, पुढेही बोलणार नाही. पण माझी गोष्ट ऐक.

मोठ्याला पंधरावं चालू आहे. ट्युशनला जातो सांगून पठ्ठ्याने माझी स्कूटर काढली आणि मित्राला मागे बसवून कोळव्याला गेला. गुडघा फोडून घेऊन परत आला, आणि वर खोटंही बोलला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. एकदा नाही, दोनदा. दुसरी का मारली ते मला अजून सांगता येत नाही.

इथली एक रीत तुला सांगायला हवी. सासरी रोज संध्याकाळी तेर्स म्हणतात, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती संपली की पोरं एकेका मोठ्या माणसापुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद मागतात. आपण नगरच्या मिशन कंपाउंडमधली पोरं, आपल्याकडे हे नव्हतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला ते अवघडच वाटायचं. त्या संध्याकाळी पोरगा सासूबाईंकडे गेला, आईकडे गेला. मला वाटलं, मला टाळणार. नाही टाळलं. गालावर बोटं उमटलेली, तसाच समोर येऊन उभा राहिला. माझा हात वर उचलेना रे.

रात्री इब्री लोकांस पत्राचा 12वा अध्याय काढला. ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो, हे तुला-मला पाठ आहे. पण पुढच्या ओळी आपल्याला कुणी पाठ करायला लावल्या नाहीत. 10व्या वचनात बापांबद्दल लिहिलंय की ते थोडे दिवस, त्यांना बरं दिसलं तशी शिक्षा करत. त्यांना बरं दिसलं तशी! म्हणजे बाप चुकू शकतो, हे शास्त्रातच धरून चाललेलं आहे. आणि 11व्यात, शिक्षेने ‘वळण’ लागतं असा शब्द आहे. ‘शिक्षा’ या अर्थी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा रोखही मूल घडवण्याकडे आहे, नुसत्या फटक्याकडे नाही. इफिसकरांस पत्रात मुलांना आज्ञा पाळा म्हटल्यावर लगेच बापांना बजावलंय, मुलांना चिरडीस आणू नका. तुझ्या बाबांनी ते पान कधी उलटलं नसावं. मीही कुठे उलटलं होतं?

काल सेंट झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, जुन्या गोव्याला गेलो होतो. त्याच्या शवपेटीखाली ही गर्दी. 1540मध्ये भारतात जायला निघालेला दुसराच सोबती आजारी पडला, म्हणून त्यांच्या जेझुइट संघाचा प्रमुख इग्नेशियसने ऐनवेळी झेवियरला विचारलं, आणि हा माणूस एका दिवसात निघाला. 6 मे 1542ला गोव्यात उतरला. ऐकावं तर असं! पण याच माणसाने 1546मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागितलं. ते 1560मध्ये आलं, तेव्हा हा हयात नव्हता. आणि ते कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. स्वतः प्रेमापोटी ऐकलेल्या माणसाला इतरांसाठी मात्र धाक हवासा वाटला. त्या रांगेत उभं राहून मी त्याला नावं ठेवणार तरी कोणत्या तोंडाने?

आपल्या मराठीत ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणजे आज्ञा मोडतं. कानाने ऐकणं आणि आज्ञा पाळणं, दोन्हीला शब्द एकच. मग ज्याचं कधी कुणी ऐकून घेतलं नाही, ते पोर ऐकणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. मारल्याबद्दल, शिक्षेबद्दल नाही. शिक्षा आहेच. त्याला दिवाळीत सायकल घेऊन देणार होतो, ती रद्द. जानेवारी संपेपर्यंत शाळेला बसनेच जायचं. स्कूटरची किल्ली सासूबाईंनी आपल्या जपमाळेच्या डबीत टाकली आहे. मीही ती मागत नाही, त्याच्याबरोबर बसनेच कामाला जातो. सुरुवातीचे आठ दिवस तो माझ्यापासून चार माणसं सोडून उभा राहायचा. बोलणं म्हणाल तर ‘हं’ आणि ‘नाही’.

काल फेस्ताहून येताना बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फोंड्याला एक सीट रिकामी झाली. त्याने माझ्या दंडाला धरून मला बसवलं आणि मडगाव येईपर्यंत शेजारी दांडा धरून उभा राहिला.

नाताळात ये. चर्चला चल असं म्हणणार नाही. सासूबाईंनी तुझ्यासाठी दोदोल, म्हणजे इथली नाताळची मिठाई, बाजूला काढून ठेवायचं कबूल केलंय.

तुझाच,
पक्या