कुंतीला यंदा कात्री लावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "तीन वर्षं झाली, पानं उदंड, फूल एक नाही, काढूनच टाकतो ती कुंती." रात्रभर तेच डोक्यात होतं. काढू नका. झाड निरोगी आहे. तुम्ही दर महिन्याला तिला गोल कापता ना, तिथेच फुलं जातात. कुंतीला कळ्या नव्या फुटीच्या शेंड्यावर धरतात. मीही माझं झाड दोन वर्षं असंच छाटत होते. एकदा कापलेला शेंडा हातात घेऊन पाहिला, तर कोवळ्या पानांमध्ये मोहरीएवढे हिरवट दाणे होते. त्या कळ्याच होत्या! फार वाईट वाटलं.

आता फक्त वाढू द्या. चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा हवी. पण कुंडी एकट्यानं उचलायची नाही, कुणाला तरी हाताशी घ्या. वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी, आणि तेही खालून निथळेपर्यंत. थोडा ताण बसून मग भरपूर पाणी मिळालं की सगळं झाड एकदम पांढरं होतं. तो बहर जेमतेम चार दिवस टिकतो, पण पुन्हा पुन्हा येतो.

आई, तुझी खुर्ची तिच्याजवळ ठेव. हल्ली तुला बारीक फुलं नीट दिसत नाहीत, पण संत्र्याच्या फुलांसारखा तो वास तुला आतल्या खोलीतही कळेल. सकाळी मधमाश्यांची गुणगुणही ऐकू येईल. त्या आपल्या कामात असतात, हातानं हाकलल्या नाहीत तर काही करत नाहीत. बाबा, एखादीच्या मागच्या पायांना चिकटलेल्या पिवळ्या परागांच्या गोळ्या आईला सांगा.

एक मात्र कळकळीनं सांगते, बहरात औषध फवारू नका. माव्यासाठी मी एकदा फवारलं आणि दुसऱ्या दिवशी झाडाखाली मधमाश्या पंख थरथरवत पडलेल्या दिसल्या. ते अजून विसरता येत नाही. मावा पाण्याच्या जोरदार धारेनं निघतो. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर तेही पुसू नका. कुंती लिंबाच्याच कुळातली, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं तिच्यावरही अंडी घालतात, आणि त्यांच्या लहान अळ्या अश्शाच दिसतात. चार पानं खातील, खाऊ देत.

पाकळ्या गळल्यावर हवी तर हलकी छाटणी करा. थोडी फळं मात्र राहू द्या, ती लाल झाली की बुलबुल येतील. त्यातली पाच-सहा माझ्यासाठी झाडावरच ठेवा. गर धुऊन बी ताजंच पेरावं लागतं, सुकलं की नीट रुजत नाही. मी आले की आपण तिघं मिळून पेरू.

तुमची लेक