आधी टॅकल शिकवा, मग सामने भरवा

मा. संपादक,

गेल्या महिन्यात फोंडा तालुक्यातल्या एका मैदानावर शाळकरी मुलांचे रग्बीचे सामने होते. दुसऱ्या सामन्यात एका मुलाने चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला ताठ उभ्यानेच कवेत घ्यायला पाहिले. कपाळ थेट समोरच्याच्या जबड्यावर आपटले. चेंडूवाला उठला. अडवणारा मात्र बसूनच राहिला, मुठीने गवत उपटत. मी विचारले, "कितवा सामना चाललाय रे?" तो म्हणाला, "पयलो." तरी तोंडावर पाणी मारून त्याला परत उभे करायची घाई चालली होती. मी हात धरून त्याला बाहेर आणले. त्यावरून वादही झाला, पण मला त्याची खंत नाही.

2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात रग्बी सेव्हन्सही (प्रत्येक बाजूला सात खेळाडूंचे रग्बी) होते. पोरांना या खेळाची ओढ लागली, याचा मला आनंदच आहे. पण पालकांना वाटते की धोका चेंडूवाल्याला. प्रत्यक्षात, या खेळाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड रग्बीने केलेल्या पाहणीत डोक्याच्या दुखापतींचे सुमारे 76 टक्के प्रसंग टॅकलमध्ये, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, घडलेले दिसले, आणि त्यांत बहुतेक वेळा जायबंदी झाला तो टॅकल करणाराच. कारण साधे आहे: दोघेही ताठ असले की डोकी एकाच उंचीवर येतात. म्हणूनच फ्रान्सने हौशी खेळात टॅकल कमरेच्या खाली आणला, तर इंग्लंडने 1 जुलै 2023 पासून हौशी आणि शालेय खेळात छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतची मर्यादा घातली.

मी तीस वर्षे कबड्डी शिकवतो. आपल्याकडे घोटा पकड, मांडी पकड, कंबर पकड हे शब्द पोरांच्या तोंडी आहेत, म्हणजे अर्धे काम झालेलेच आहे. उरलेले अर्धे मात्र नीट शिकवावे लागते. नुसते वाकून भागत नाही. डोके चेंडूवाल्याच्या पुढ्यात गेले तर त्याचा गुडघा किंवा कंबरेचे हाड लागते. डोके त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, नजर समोर, धडक खांद्याने, मग दोन्ही हातांचा विळखा. शेवटच्या दोन-तीन ढांगा आखूड. हे आधी दोघांनाही गुडघ्यांवर बसवून, मग चालत, मग हळू धावत करून घ्यायचे. तोवर मुलांना नुसत्या स्पर्शाचे रग्बी खेळवावे.

आयोजकांना माझी विनंती आहे की शालेय सामन्यांत कमरेच्या वरचा टॅकल बंद करा. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलगा त्या दिवशी परत मैदानात जाता कामा नये. गुणफलक काहीही सांगत असो. शाळा-क्लबांच्या खेळात वर्ल्ड रग्बीच्या नियमानुसार अशा खेळाडूला 21 दिवसांच्या आत सामना खेळता येत नाही. आणि पाऊस ओसरल्यावर आपली तांबडी माती दगडासारखी होते, तेव्हा आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारा.

तो मुलगा आता शाळेत येतो, पण वर्गात उजेड डोळ्यांना लागतो म्हणतो. दर शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या शाळेच्या पटांगणावर कबड्डीची मॅट पसरलेली असते. तालुक्यातल्या ज्या शिक्षकांना गुडघ्यांवरचा टॅकल शिकून घ्यायचा असेल, त्यांनी जरूर यावे.

एक क्रीडाशिक्षक, फोंडा