भोपळा अजून ओट्यावरच आहे

पुणे, 19 नोव्हेंबर

प्रिय विजू,
सप्रेम सलाम.

आईच्या मातीला सोलापूरला येऊन गेलो त्याला आठ महिने झाले. "पोचलो की पत्र टाकतो" म्हणालो होतो. पोचलो, एवढं खरं. शुगर आहे तिथेच आहे, सुनंदाचा खांदा थंडीत धरतो. बाकी ठीक.

आज लिहितोय ते एका भोपळ्यापायी. फोन केला असता तर पहिल्याच मिनिटाला तू हसत सुटला असतास आणि मला पुढचं बोलता आलं नसतं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. वेदीसमोर ऊस बांधलेले, ज्वारीची कणसं, केळीचे घड, अंड्यांचे ट्रे, महिला मंडळाच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं तसंच. उपासनेनंतर लिलाव. सॅमकाकाच पुकारतात अजून, फक्त आवाज गेला आणि माईक आला. शेवटी एक डांगर निघालं. सहा किलोचं असेल, एका अंगाला माती तशीच, देठ वाकडा. मंडईत अडीचशेच्या आत मिळालं असतं. आमच्या घरी कोणी भोपळा खात नाही हे तुला ठाऊक आहे.

सॅमकाकांनी शंभर पुकारले. बाळू म्हणाला दोनशे. आणि म्हणताना त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. 1986 च्या ख्रिसमसला सोलो मिळाल्यावर पाहिलं होतं ना, अगदी तसं. मी पाचशे म्हणालो. पुढचं मला धड आठवतही नाही. हजारापर्यंत लोक हसत होते, दोन हजारांना गप्प झाले, आणि 3,600 ला "एक वार, दोन वार, तीन वार" होऊन डांगर माझ्या मांडीवर आलं. टाळ्या पडल्या. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूच्या कामासाठी केवढी ही तळमळ! मी मान खाली घातली, विनयाने घालतात तशी.

घरी आल्यावर सुनंदाने ते ओट्यावर ठेवलं, मातीचा ओला डाग फडक्याने पुसला आणि विचारलं, "याचे घारगे करायचे, की फ्रेम करायची?"

इथवर तू हसून घे. आता पुढचं.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी शोभाताईंनी माझ्याकडे 3,000 रुपये उचल मागितली होती. मुलीच्या परीक्षेची फी. नऊ वर्षं आमच्याकडे आहेत, पैसे कधी बुडवले नाहीत. मी म्हणालो, "महिनाअखेर आहे हो, बघतो." तारीख 14 होती, विजू. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग भांड्यांकडे वळल्या. ते पाहणं मला तेव्हा दिसलंच नाही. दिसलं रविवारी रात्री, अंथरुणात.

सोमवारी सकाळी पाकीट पुढे केलं. त्या म्हणाल्या, "झालं दादा ते. पलीकडच्या काकूंनी दिले." मग मी, मूर्ख माणूस, त्यांना अर्धा भोपळा देऊ केला. हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात कोण खातंय डांगर?"

या कुलकर्णीकाकूंचं सांगायला हवं. 1890 मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. त्याच पुण्यात आता काकू आमच्याकडे चहा पितात आणि वर साखर कमी पडली म्हणून सांगतात. मागे एकदा त्यांनी अगदी सरळपणे विचारलं होतं, "तुमच्यात रोजचं असं काय करतात हो? आमचं कसं, सकाळी पूजा, तिन्हीसांजेला दिवा. रविवारचं कळलं, पण मंगळवारचं काय?" मी बायबल वाचन, प्रार्थना वगैरे सांगून वेळ मारून नेली. पण ते "मंगळवारचं काय" डोक्यात राहिलंय. त्यांचा दिवा विझला तर निदान दिसतो तरी. आपल्याकडे लावायचाच नसतो, मग विझलेला कळावा कसा?

आणि गंमत बघ, परवा शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थनासभा आहे आणि बोलायची पाळी माझी. वचन पाळकसाहेबांनीच नेमून दिलंय: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2, वचन 42. पहिली मंडळी शिक्षणात, संगतीत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत. शंभर वेळा वाचलेलं. या खेपेला "तत्पर" शब्दापाशी अडलो. भक्ती म्हटलं की आपण डोळे मिटतो. तत्पर म्हणजे डोळे उघडे ठेवून टपून बसलेला माणूस. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर माझ्या डोक्यावर पाटी होती, "आपल्या सेवेसाठी तत्पर", आणि तिच्याखाली मी काय तत्परतेने काम केलं ते तू पासबुक भरायला यायचास तेव्हा पाहिलं आहेस.

मग काल, मंगळवारीच, पाळत ठेवली स्वतःवर. उठल्या उठल्या फोन. ठेवीचे व्याजदर दोनदा पाहिले, सकाळी आणि दुपारी, जसे काही मधल्या वेळात वाढणारच होते. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडलो, तेही मुद्देसूद. बायबल कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. आणि दिवसभर, अधूनमधून, रविवारच्या त्या टाळ्या. कोणी फोन केला की मी विषय लिलावाकडे नेत होतो, विजू! लाज वाटत असताना नेत होतो. मला पैशाचा मोह आहे असं वाटायचं, पण पैसे तर मी हसत उधळले. बाळूने हरावं आणि लोकांनी ते पाहावं, एवढ्यासाठी. डोळे उघडे ठेवून मी टपलेला असतो तो यासाठी.

अण्णा म्हणायचे ते आठवतं? रेव्हरंड ना. वा. टिळक, आपले ख्रिस्ती कवी, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले, आणि आपण पुलावरच दुकान थाटलंय. आपण दोघं तेव्हा हसायचो. दुकान कशाचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता जुनं उकरतो. तू कमिटी सोडलीस, मग येणंही सोडलंस, तेव्हा क्वार्टर गेटच्या इराण्याकडे मी तुला "कोमट" म्हणालो होतो. बायबलच्या प्रकटीकरणात लावदिकीयाच्या मंडळीला कोमट म्हणून सुनावलंय, ते तुझ्या तोंडावर फेकलं आणि तू बनमस्का अर्धा टाकून उठलास. बिल मीच भरलं, हे तू कधी मान्य केलं नाहीस. तो शब्द मी परत घेतो. पण पूर्ण नाही. तू दर गुरुवारी सिव्हिलमध्ये बसून खेड्यातून आलेल्यांचे अर्ज लिहून देतोस हे आईच्या मातीच्या वेळी तुझ्या शेजाऱ्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. मला हेवा वाटला. तरी विचारतो, त्या वचनातली संगत कुठे आहे तुझी? भाकर कोणाबरोबर मोडतोस? एकट्याने बरं असणं सोपं आहे रे, समोर बाळू नसतो. आणि हेही खरं सांग, गुरुवारी तिथे जाताना मनात काही असतं, की नुसता जातोस? नुसता जात असशील तर मला फार बरं वाटेल. माझ्यासारख्याला तेच जमण्यासारखं आहे.

शुक्रवारी काय बोलू ते अजून ठरलं नाही. भोपळ्याचं सांगितलं तर लोक म्हणतील किती नम्र माणूस, आणि मला ते आवडेल. म्हणजे पुन्हा तेच. पाकीट तसंच कपाटात आहे. शोभाताईंना सांगितलं, काकूंचे पैसे यातून फेडा. त्या म्हणाल्या, राहू द्या, काकूंचं आणि माझं ठरलंय. त्यांच्यात काय ठरलंय ते मला विचारवलं नाही.

निशाचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते कळव. अभयची नोकरी पक्की झाली का? घर भाड्याने द्यायचं असेल तर घाई करू नकोस.

25 डिसेंबरच्या आधी एक दिवस ये. डांगर टिकतं तोवर, देठ अजून हिरवा आहे. कापायला बसलो होतो काल, पण अण्णांची विळी बोथट झालीय आणि सुनंदा म्हणते, तू आल्याशिवाय याला हात लावायचा नाही. घारगे तू खातोस ना अजून?

तुझा,
सुधीर

ता. क. बाळूचा आत्ता फोन आला होता. भोपळ्याचं नाही काढलं. ख्रिसमसला कॉयरमध्ये टेनरच्या आवाजात माणूस कमी आहे, येतोस का म्हणाला.