गिझरची बातमी छापता, तर अलार्म कुठे लावायचा तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की पेपरात आतल्या पानावर ती चार ओळींची बातमी येतेच. बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू, गॅस गिझर सुरू होता, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. बस, पुढे काही नाही. आणि बऱ्याचदा त्यात "गॅस गळतीमुळे" असं लिहिलेलं असतं, ते वाचून माझा जीव तुटतो, कारण त्यातले बरेच बळी गळतीचे नसतात आणि गळती म्हणल्यावर वाचणारा माणूस आपल्या सिलेंडरची नळी बघतो, वास येत नाही ना बघतो आणि निर्धास्त होतो.

सिलेंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळला तर कळावं म्हणून. पण गिझर जळताना बाथरूममधला ऑक्सिजन कमी पडला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे पण चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट धरून ठेवतं. माणसाला वाटतं पित्त झालं, उपाशी आहे, बीपी लो झालं. उठून कडी काढेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्याकडे नाताळच्या सुट्टीत नणंदेची मुलगी आली होती, सोळा वर्षांची. सकाळी केस धुवायला गेली. मी पोळ्या लाटत होते आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मगचा आवाज बंद झालाय पण बादली भरून वाहतेय, तो पाण्याचा आवाज तसाच चालू आहे. हाका मारल्या, ओ नाही. यांनी खांद्याने दार तोडलं. पोर भिंतीला टेकून बसल्यासारखी, मान खाली, तोंड उघडं. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या, कुणी म्हणलं फिट आली असेल. कोविडपासून घरात ऑक्सिमीटर आहे तो लावला तर 98, म्हणून आम्हाला वाटलं ऑक्सिजन तर ठीक आहे. इथेच आम्ही फसलो असतो, कारण ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन पण ऑक्सिजनवालंच समजतं. नशीब की तिला बाहेर गॅलरीत मोकळ्या हवेत आणली होती आणि गाडी लगेच मिळाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गिझर गॅसचा आहे का, आणि मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा गॅस रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वा तास. पोर वाचली. आज कॉलेजात आहे.

त्यानंतर आम्ही घाबरून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला आणि पत्र लिहायचं खरं कारण हे आहे की तो आम्ही चुकीच्या जागी लावला होता. फिटिंगवाल्याने तो बाथरूमच्या आतच, गिझरच्या वर ठोकला. मला पण तेच बरोबर वाटलं, जिथे धोका तिथे अलार्म. पण वाफेने त्याचा सेन्सर खराब होतो, उगाच वाजतो नाहीतर गरज असताना वाजतच नाही, आणि सोबत आलेल्या कागदावर बारीक अक्षरात हे लिहिलेलंच होतं, आम्ही कुणी वाचलं नाही. मग कागद घेऊन बसले आणि तेव्हा कळलं की मुळात गिझरच बाथरूममध्ये नको. बाथरूममध्ये गिझर तसाच ठेवून वर अलार्म लावून समाधान मानायचं हे चालणारच नाही, कारण हे अलार्म किती गॅस किती वेळ आहे ते बघून वाजतात. युरोपच्या मानकात 50 पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या गॅसचे 50 भाग) तास-दीड तासाने, 100 ला दहा ते चाळीस मिनिटांत, 300 ला तीन मिनिटांच्या आत असा हिशोब आहे. चार बाय सहाच्या बंद खोलीत अंघोळ करणाऱ्याला तेवढी मिनिटं मिळतील याचा काय भरवसा? एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं पण लोक म्हणतात. दाराखालून हवा यायला फट नसेल तर तो तरी कुठून हवा खेचणार.

आम्ही गिझर ड्राय बाल्कनीत नेला, गरम पाण्याचा पाइप आत आणला. प्लंबर आणि पाइप धरून खर्च झाला, पण झालं. आणि अलार्म लावला बाल्कनीच्या दाराच्या आतल्या बाजूला, स्वयंपाकघरात. ओट्याच्या अगदी वर नाही, कारण फोडणीचा धूर, तेलकट थर आणि वाफ त्याला चालत नाही. शेगडीपासून तीन-चार फूट तरी लांब, पण आठ-दहा फुटांपेक्षा जास्त लांब नको. भिंतीवर लावायचा तर खिडकी-दाराच्या चौकटीपेक्षा उंच, पण छताला अगदी चिकटून नाही, अर्धा फूट खाली. छताला लावायचा तर भिंतीपासून फूटभर आत. पंख्यासमोर, एसीसमोर, खिडकीला लागून नको, तिथे वाऱ्याने गॅस त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पडद्यामागे, कपाटावर, माळ्याच्या आत तर नकोच नको. बेडरूममध्ये दुसरा लावला तो झोपल्यावर नाकाच्या जितपत उंचीला येईल तितपत, आणि दार लावून झोपलो तरी आवाज ऐकू येतो की नाही हे मी स्वतः आडवी पडून बघितलं.

दुकानात नुसतं "गॅस अलार्म द्या" म्हणू नका. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावतात. पाइपचा गॅस हलका, त्याचा वर. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, सगळ्या खोलीत मिसळून जातो. गळतीचं नेहमीचं यंत्र कार्बन मोनॉक्साइडचं काम करत नाही. माझ्या भावाने तर ऑनलाइन सीओटू मोजायचं मागवलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं. आपल्याला हवं ते सीओचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचं, नावात एका अक्षराचा फरक. डबा नीट वाचा, मागे सेन्सर किती वर्षांचा ते छापलेलं असतं, कुठे पाच, कुठे सात, कुठे दहा. त्यानंतर सेल नवे घातले तरी उपयोग नाही, पूर्ण यंत्रच बदलायचं. मी मागच्या बाजूला मार्करने तारीख घातलीय आणि दर संकष्टीला टेस्टचं बटण दाबते, म्हणजे महिना चुकत नाही. दिवाळीत रंग काढताना ते उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवायचं, थिनरच्या वासाने सेन्सर बिघडतो. पुसायचं कोरड्या फडक्याने, कुठलाही स्प्रे मारायचा नाही.

आणि ते यंत्र खरंच वाजलं. जानेवारीतली सकाळ, सहा-सव्वासहा. थंडी म्हणून मुलाने ड्राय बाल्कनीच्या स्लायडिंगच्या सगळ्या काचा ओढून घेतल्या होत्या आणि दोघं एकामागोमाग अंघोळीला गेले, गिझर सलग चालू. चार-चार वेळा किंचाळून थांबायचं, परत चार वेळा. आकडा होता 118. डोकं दुखत नव्हतं कुणाचं, काही जाणवत नव्हतं. गिझर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, सगळे खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिलो, सासूबाईंना शालीसकट. मेकॅनिकने नंतर गिझर उघडला तर बर्नरवर काजळी, ज्योत पिवळी. तर बाल्कनी म्हणजे मोकळी हवा हे पण धरून चालू नका, आजकाल सगळ्यांनीच त्या काचा लावून बंद करून टाकल्यात. वाजलं की बटण दाबून आवाज बंद करत बसू नका, आधी बाहेर पडा, आणि कुणाला गरगरत असेल, मळमळत असेल तर 108 ला फोन करा आणि गिझर गॅसचा आहे हे आवर्जून सांगा.

गिझर नाही म्हणून सुटलो असंही नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी देतो आपण, खिडकीच्या फटी कापडाने बुजवून, आत निखारे. माझी दोन्ही बाळंतपणं तशीच झाली. त्या खोलीत तान्हं बाळ असतं हो. शेक द्या, पण खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि शेगडी रात्रभर आत ठेवू नका. 2020 च्या जानेवारीत केरळहून नेपाळला फिरायला गेलेले आठ जण, त्यात लहान मुलं पण, दामन गावच्या रिसॉर्टमध्ये एका खोलीत हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला भाड्याने राहतो. तिथे 1 ऑक्टोबर 2022 पासून नियम आहे, ज्या खोलीत बॉयलरसारखं जळणावर चालणारं बसवलेलं उपकरण आहे (स्वयंपाकाची शेगडी सोडून) तिथे घरमालकाने हा अलार्म लावून द्यायचाच. आपल्याकडे निदान गिझर विकणाऱ्याने बाथरूमच्या आत बसवून द्यायला नकार द्यावा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंग आणि पाण्याच्या टँकरसोबत हा विषय निघावा, भाड्याने फ्लॅट देताना मालकाने गिझर कुठे आहे ते दाखवावं.

आणि तुम्हाला विनंती, पुढची बातमी येईल तेव्हा "गॅस गळती" लिहायच्या आधी एकदा विचारून घ्या, आणि त्या चार ओळींखाली अजून चार ओळींची जागा काढा. गिझर बाथरूमबाहेर, तोपर्यंत बादली आधी भरून गिझर बंद करून मगच आत जायचं, आतून कडी लावायची नाही, अलार्म बाथरूमच्या बाहेर. एवढं बसतं त्यात, मी मोजून बघितलंय.

आपली,
एक वाचक, नाशिक